चढावरची सोबत

सायकल चालविता येणे आणि सायकलवरून घाट चढता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट आपल्यापैकी बहुतेकजण लहानपणीच शिकतात. दुसरी शिकण्याचा योग थोड्यांना येतो, आणि अनेकांनी मिळून एखादा अवघड घाट चढण्याचा अनुभव तर त्याहूनही थोड्यांच्या वाट्याला येतो. गेल्या काही वर्षांत मात्र सुटीच्या दिवशी दहा-वीस जणांनी जमावे, पहाटेच सायकली बाहेर काढाव्यात आणि डोंगरातला रस्ता धरावा, अशा सहलींचे प्रमाण शहरोशहरी वाढले आहे. शरीराला व्यायाम, मनाला मोकळी हवा आणि माणसांना माणसांची संगत मिळवून देणारा हा छंद स्वागतार्हच म्हटला पाहिजे. तथापि या सहलींमधून एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो. ज्यांचे वय, बळ आणि सराव सारखे नाहीत, अशा माणसांनी एकत्र चढ चढावयाचा असेल, तर तो कोणत्या रीतीने चढावा? प्रश्न सायकलींचा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधू लागलो की आपल्या एकत्र जगण्याच्या अनेक रीती तपासाव्या लागतात.

मी जबलपूरच्या ओमती भागात राहते. आमच्या शहराचे सायकलीशी जुने नाते आहे. 1904 मध्ये येथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. पुढे खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि 1969 मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. पाळी सुरू होण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी कामगारांच्या सायकलींनी रस्ते भरून जात, हे दृश्य जुन्या पिढीतील लोकांना चांगले आठवते. ते सारे जवळजवळ एकाच वेगाने चालत. कोणी कोणास मागे टाकण्याच्या भरीस पडत नसे आणि कोणी फारसे मागेही राहत नसे. याचे श्रेय कामगारांच्या समजूतदारपणाला देता येईल. पण त्यात रस्त्याचाही वाटा होता. सपाट रस्ता माणसामाणसांतील अंतर झाकतो. ते अंतर उघडे पडते ते चढावर.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी थोडे विज्ञान पाहिले पाहिजे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बरीचशी शक्ती समोरची हवा कापण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध सुमारे चौपट होतो. म्हणूनच पुढच्या सायकलीच्या मागे, थोडेच अंतर राखून चालणाऱ्या स्वाराला आयता आडोसा मिळतो आणि त्याचे श्रम चौथ्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक कमी होतात. शर्यतीतले सायकलस्वार घोळक्याने जातात, आळीपाळीने पुढे येतात आणि पुन्हा मागे सरतात, त्याचे कारण हेच. सपाटीवर घोळका स्वतःच एक प्रकारचे वाहन होतो. त्यात शिरलेला दुबळा स्वारही बऱ्यापैकी वेगाने पुढे ओढला जातो.

चढ लागला की हे सारे गणित बदलते. वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो. इतक्या संथ गतीत हवेचा विरोध नाममात्र राहतो आणि खरा सामना सुरू होतो तो गुरुत्वाकर्षणाशी. सहा टक्क्यांचा चढ म्हणजे 100 मीटर रस्त्यात 6 मीटर उंची. ऐकताना हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु 70 किलो वजनाचा माणूस 15 किलोची सायकल घेऊन 600 मीटर उंचीचा घाट चढतो, तेव्हा 85 किलोचे ओझे सुमारे दोनशे मजली इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवण्याइतके काम त्याच्या पायांनी केलेले असते. या कामात पुढच्याचा आडोसा मागच्याच्या उपयोगी पडत नाही. प्रत्येकाला आपापले वजन आपल्याच पायांनी वर न्यावे लागते. माझ्याऐवजी दुसरा कोणी पेडल मारू शकत नाही.

यावरून सहजच असे वाटेल की, चढावर समूहाचे प्रयोजनच उरत नाही. ज्याने त्याने आपला घाट चढावा आणि माथ्यावर भेटावे, एवढेच पुरे. अनेक अनुभवी सायकलस्वारांचे मतही असेच असते. याउलट काहीजणांचा आग्रह असतो की, समूह म्हटला की सर्वांनी एका ओळीत, एकाच वेगाने गेले पाहिजे. हा वाद आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी युरोपात यावरून सायकलस्वारांचे दोन पंथ झाले होते आणि ती हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

1897 च्या जून महिन्यात इटलीतील काही सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे 200 किलोमीटरहून अधिक अंतर एका दिवसाच्या उजेडात पार केले. अशा धाडसी स्वारांना 'ऑडॅक्स' म्हणू लागले. हा मूळ लॅटिन शब्द असून त्याचा अर्थच मुळी धाडसी असा आहे. फ्रान्समधील जगप्रसिद्ध सायकल शर्यतीचे, म्हणजेच 1903 मध्ये सुरू झालेल्या 'तूर द फ्रान्स'चे प्रवर्तक आंरी देग्रांज यांनी 1904 मध्ये ही कल्पना आपल्या देशात आणली. तिचा नियम असा होता की, सर्वांनी एका नायकाच्या मागे ठरलेल्या वेगाने जावयाचे. कोणी नायकाला ओलांडून पुढे जावयाचे नाही. पुढे 1921 मध्ये मतभेद झाले आणि पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने मुक्त गतीची निराळी प्रथा सुरू केली. तिच्यात प्रत्येकाने आपल्या चालीने जावे, मात्र ठराविक ठिकाणी ठराविक वेळेच्या आत पोहोचून नोंद करावी, एवढेच बंधन होते. ही दुसरी प्रथा आज जगभर पसरली आहे. भारतातही पुण्याच्या दिव्या ताटे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने 2010 नंतर तिने मूळ धरले. आता पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा अनेक शहरांत 'ब्रेव्हे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लांब पल्ल्याच्या सफरी होतात. 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास, 300 साठी वीस तास, 600 साठी चाळीस तास अशी मुदत असते. त्या मुदतीत पोहोचलेल्या सर्वांची नोंद सारख्याच मानाने होते. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक कोणालाही दिले जात नाहीत. इतकेच नव्हे, तर वाऱ्यासारखे धावून फार लवकर पोहोचणाऱ्याला नोंदीची चौकी उघडेपर्यंत तिष्ठत बसावे लागते.

शर्यतीचे शास्त्र याहून वेगळे आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत महाराष्ट्रात अनेक वर्षे लोकप्रिय आहे. तिच्यात बोरघाट सर्वांच्या आधी चढणाऱ्यास 'घाटांचा राजा' हा किताब देतात. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतची ती चढण ज्याने पाहिली आहे, त्याला या किताबाची किंमत सांगावी लागणार नाही. शर्यतीत एकजण राजा होणे योग्यच आहे. कारण बळ आजमावणे हाच तिचा उघड हेतू असतो. अडचण तेव्हा येते, जेव्हा नाव सहलीचे असते आणि मनात शर्यत चालू असते. मग माथ्यावर आधी पोहोचलेला स्वतःला राजा समजू लागतो आणि शेवटी येणाऱ्याला, काही अपराध नसताना, मान खाली घालावीशी वाटते.

या वृत्तीचा एक गमतीदार दाखला वर उल्लेखिलेल्या देग्रांज यांच्याच चरित्रात सापडतो. चढावर पायांवरचा भार हलका करणारे गियर त्या काळी नुकतेच प्रचारात येऊ लागले होते. सेंत-एतियेन येथील पॉल द विव्ही हे गृहस्थ त्यांचा हिरिरीने पुरस्कार करीत. सायकलने प्रवास करणाऱ्यांनी केवळ प्रौढी मिरविण्यासाठी कधी पेडल मारू नये, अशी त्यांची शिकवण होती. देग्रांज यांना मात्र गियर म्हणजे दुबळेपणाची निशाणी वाटे. पंचेचाळिशी उलटलेल्यांना ती सोय हवी तर असावी, अशा अर्थाचे मत त्यांनी 1902 मध्ये मांडले होते. त्यांच्या शर्यतीत 1910 पासून पिरेनीज पर्वताच्या चढणी आल्या, तरीही गियर बदलण्याच्या आधुनिक यंत्रणेला सर्वांसाठी मुभा मिळण्यास 1937 साल उजाडावे लागले. आज जगातील बलाढ्य स्वारही गियरशिवाय घाटाचा विचार करीत नाही. ज्याला एका पिढीने दुबळ्यांची सवलत म्हटले, ती पुढच्या पिढीत सर्वांची गरज ठरली. पंचेचाळिशी मागे टाकलेल्या माझ्यासारखीला याचा थोडा आनंद होतो, हे लपवीत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सर्वांनी एका चालीने जावे हे चढावर शक्य नाही, आणि ज्याचे त्याने पाहावे असे म्हटले तर सोबतीला अर्थ राहत नाही. मग चढावर सोबत म्हणजे नेमके काय? याचे उत्तर मला एका पुस्तकात मिळाले नाही. ते पचमढीच्या घाटात मिळाले.

जबलपूर नर्मदेच्या खोऱ्यात वसले आहे. नदीपलीकडे दक्षिणेस सातपुड्याच्या रांगा आहेत. या रांगांतील पचमढी हे ठिकाण समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर आहे आणि त्याच्याजवळचे धूपगड हे 1350 मीटर उंचीचे शिखर सातपुड्यात सर्वांत उंच मानले जाते. जबलपूर-इटारसी लोहमार्गावरील पिपरिया स्थानकावर उतरले की तेथून पचमढी सुमारे 50 किलोमीटर. पहिला टप्पा बराचसा सपाट आहे. मटकुली हे गाव मागे पडल्यावर खरा घाट सुरू होतो. साल आणि सागाचे जंगल, वळणावळणाचा रस्ता, खाली खोल दरी आणि मधूनच रस्त्याच्या कडेला निवांत बसलेली वानरे असा तो मार्ग आहे. आमच्या भागातील काही मंडळींसोबत मी एकदा हा घाट चढले. बाराजणांचा आमचा गट होता. त्यात विशी-पंचविशीचे तरुण अधिक. एकजण लष्करी कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि पन्नाशीतली मी.

निघण्यापूर्वी घाटातील थांबण्याच्या जागा ठरल्या होत्या. सर्वांनी आपापल्या चालीने चढावे आणि त्या जागी एकमेकांची वाट पाहावी, असा शिरस्ता होता. चढ सुरू झाला आणि पहिल्या दोन वळणांतच गट विखुरला. पहिल्या थांब्यावर मी सर्वांच्या शेवटी पोहोचले. तरुण मंडळी वीस मिनिटांपासून तेथे बसली होती. पाणी पिऊन झाले होते, शेंगदाणे आणि गूळ खाऊन झाला होता, छायाचित्रे काढून झाली होती. मला पाहताच त्यांना मनापासून आनंद झाला. "काकू आल्या! चला, निघू या!" असे म्हणत ते सारे एकदम उठले आणि सायकलींवर टांगा टाकू लागले. मी सायकलीवरून उतरतही नव्हते, तोच निवृत्त गृहस्थ म्हणाले, "अरे, थांबा जरा. तुमचं पाणी झालं, गप्पा झाल्या. ताई आत्ता येताहेत. त्यांचा विसावा अजून व्हायचाय."

मुले ओशाळून पुन्हा बसली. त्यांच्या मनात वाईट काहीही नव्हते. आपण वाट पाहिली म्हणजे आपले कर्तव्य झाले, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. परंतु या छोट्या प्रसंगातील अन्याय पाहा. जो सर्वांत बळकट, तो सर्वांत आधी पोहोचतो आणि त्याला सर्वांत जास्त विश्रांती मिळते. जो सर्वांत थकलेला, तो सर्वांत शेवटी पोहोचतो आणि त्याच्या वाट्याला विश्रांतीच येत नाही. कारण त्याचे येणे हीच इतरांच्या निघण्याची खूण ठरते. पुढच्या टप्प्यात तो आणखी थकतो, आणखी मागे पडतो आणि त्याच्या मागे पडण्याचे खापर त्याच्याच दुबळेपणावर फुटते. येथे कोणी कोणाला हिणविलेले नसते, कोणी कोणास टाकूनही गेलेले नसते. नियम सर्वांना सारखाच लागू असतो. तरीही त्या सारख्या नियमाने दुबळ्याचे ओझे वाढते.

म्हणून समूहाने चढ चढण्याचा पहिला नियम मला असा वाटतो की, थांब्यावरील विश्रांतीची वेळ शेवटचा स्वार पोहोचल्यापासून मोजावी. त्याने सायकल उभी करावी, पाणी प्यावे, चार घास खावेत, श्वास ठिकाणावर आणावा आणि मग समूहाने निघावे. दहा मिनिटांचा हा अवधी घड्याळात मामुली असतो. त्याने सहलीचे रूप मात्र बदलते.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. त्या चढणीवर पालखीच्या रथाला बैलांच्या जादा जोड्या जुंपल्या जातात. एरवी पुरेसे असलेले बळ चढावर पुरत नाही, हे ओळखून केलेली ही तजवीज आहे. वारीतील दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात, मुक्काम ठरलेले असतात आणि वाटेतले विसावेही ठरलेले असतात. 'विसावा' हा शब्द वारीच्या वेळापत्रकात मुक्कामाइतक्याच मानाने येतो. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या स्त्रिया, अनवाणी चालणारे शेतकरी असे नाना परींचे लोक शतकानुशतके एकत्र चालत आले, ते सर्वांचे पाय सारखे बळकट होते म्हणून खचित नव्हे. थकणाऱ्याचा विचार आधीच केलेला होता, म्हणून हे शक्य झाले. आमच्याकडे नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रेकरू ग्वारीघाटावर नेहमी दिसतात. त्यांच्यातही जो तो आपल्या पावलाने चालतो. पण वाटेवरच्या गावांतून पाण्याची आणि अन्नाची सोय होत राहते आणि त्या सोबतीच्या बळावरच हजारो किलोमीटरची ती वाट सरते.

या मतावर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, बळकट स्वाराने पुनःपुन्हा थांबावयाचे, तर त्याची लय बिघडते आणि त्याच्या मेहनतीला न्याय मिळत नाही. यात तथ्य आहे. चढावर प्रत्येकाची एक चाल असते. तिच्यापेक्षा वेगाने जाणे जितके त्रासाचे, तितकेच तिच्यापेक्षा संथ जाणेही. म्हणूनच चढताना कोणाला रोखू नये. ज्याला उत्साह आहे त्याने माथा गाठून पुन्हा खाली यावे आणि शेवटच्या माणसाबरोबर तोच चढ दुसऱ्यांदा चढावा. त्याचा सरावही होतो आणि शेवटच्याला संगतही मिळते.

दुसरा आक्षेप वेळेचा. संथ माणसासाठी थांबत राहिले तर ऊन वाढते किंवा अंधार पडतो, आणि जंगलातल्या रस्त्यावर अंधार होणे धोक्याचे असते. हे खरे आहे. परंतु त्यावरचा उपाय घाटात शोधावयाचा नसून आदल्या रात्री शोधावयाचा असतो. निघण्याची वेळ सर्वांत वेगवान माणसाच्या हिशेबाने ठरविली की संथ माणूस अडचण ठरतो. ती सर्वांत संथ माणसाच्या हिशेबाने ठरविली, तर पहाटे तासभर लवकर उठावे लागते, एवढाच काय तो फरक.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. कोणीतरी आपल्यासाठी थांबले आहे, ही जाणीव स्वाभिमानी माणसाला बोचते. त्यापेक्षा एकट्याने मागून गेलेले बरे, असे त्याला वाटते. हे दुःख मी जाणते. पण थांबणे हा उपकार असतो तेव्हाच ते बोचते. सर्वांनी मिळून आधी ठरविलेला तो नियम असला, की त्यातले उपकाराचे शल्य निघून जाते. दिवे घाटात जादा बैल जुंपतात तेव्हा रथाच्या रोजच्या जोडीचा त्यात अपमान झाला, असे कोणी मानीत नाही.

दुबळ्याच्या बाजूने एवढे बोलल्यावर त्याची कर्तव्येही सांगितली पाहिजेत. ज्याला आपण मागे राहणार हे ठाऊक आहे, त्याने आपली तयारी अधिक दक्षतेने करावी. सायकलीचे ब्रेक, चेन आणि टायर आदल्या दिवशी तपासून घ्यावेत. जवळ पाणी, जादा ट्यूब, हवा भरण्याचा पंप आणि दोन-चार पाने असावेत. काही आठवडे आधीपासून लहान चढांवर सराव करावा. मदनमहालच्या टेकड्यांसारखी जागा घराजवळ असताना त्यासाठी सबब सांगता येणार नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छातीत कळ आली, चक्कर आली किंवा पायात गोळे आले, तर ते लपवू नये. सोबत्यांचा खोळंबा नको म्हणून दुखणे दडविणारा माणूस पुढे त्यांना मोठ्या संकटात टाकतो. आणि सायकलीवरून उतरून ती हाताने ढकलीत नेण्यात कमीपणा मानू नये. घाट पायी चढला, तरी तो चढलाच.

समूहाचीही काही कामे असतात. सर्वांच्या मागे एक जाणता स्वार कायम असावा आणि कोणत्याही कारणाने त्याने शेवटच्या माणसाला ओलांडून जाऊ नये. पंक्चर काढता येणारा आणि प्रथमोपचार जाणणारा असा एकेकजण गटात असावा. उतारावर तर समूहाची जबाबदारी अधिकच वाढते. चढताना थकवा येतो, पण अपघाताचे भय असते ते उतरताना. तेथे पुढच्याला चिकटून चालवू नये, अंतर राखावे. दोन्ही ब्रेक वळणाच्या आधीच लावून वेग कमी करावा. ते सतत आवळून धरले तर तापतात आणि पावसात रिम ओली झाली की त्यांची पकड कमी होते, हे नवख्यांना सांगणे अनुभवी माणसाचे कर्तव्य आहे. चढावर जो सर्वांत पुढे होता, त्याने उतारावर सर्वांत पुढे धावण्याचा मोह आवरला, तर इतरांनाही शहाणपण सुचते.

एकट्याच्या पराक्रमाची ज्यांना ओढ आहे, त्यांनी एक उदाहरण ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4800 किलोमीटर अंतराची सायकल शर्यत दरवर्षी होते. वाळवंट आणि पर्वतरांगा ओलांडीत जाणारी ही शर्यत जगातील अत्यंत खडतर शर्यतींपैकी एक समजली जाते. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये दोघांच्या गटात ती पूर्ण केली. 2017 मध्ये लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने तीच शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. 'एकेकट्याने' हा शब्द शर्यतीच्या नियमांतला आहे. प्रत्यक्षात अशा प्रत्येक स्वाराच्या मागे मोटारीतून चालणारे सहायकांचे पथक असते. कोणी वाट दाखवितो, कोणी अन्नपाणी देतो, कोणी सायकल दुरुस्त करतो, कोणी झोपेच्या वेळा सांभाळतो. पेडल त्या एकट्याचेच पाय मारतात, यात शंका नाही. पण त्या पायांना दिवसरात्र चालते ठेवणारे हात अनेकांचे असतात.

चढावरची सोबत म्हणजे काय, याचे उत्तर आता देता येईल. सोबत्याने आपले ओझे उचलावे, अशी अपेक्षा चढावर करता येत नाही. आपण सारे एका वेगाने जाऊ, असे वचनही देता येत नाही. देता येते ते इतकेच की, वाटेत ठरल्या जागी आपण भेटू. तुला पोहोचण्यास जितका वेळ लागेल तितका आम्ही देऊ. आणि तू पोहोचल्यावर तुलाही आमच्याइतकाच विसावा मिळेल.

हे वचन सायकलींच्या सहलीपुरते ठेवण्याचे कारण नाही. घरात सर्वांचे जेवण झाल्यावर शेवटी पानावर बसलेल्या गृहिणीचा घास संपण्यापूर्वीच आवराआवर सुरू होते, तेव्हा आपण तोच जुना नियम चालवीत असतो. वर्गात शिक्षक गणित घालतात. ज्यांना उत्तर लवकर सापडते ती मुले खिडकीबाहेर पाहत बसतात. शेवटच्या मुलाला उत्तर सापडते, त्याचा चेहरा उजळतो, आणि त्याच क्षणी शिक्षक पुढचे उदाहरण घालतात. त्याने केलेल्या कष्टाचे समाधान अनुभवण्याइतकी उसंत त्याला मिळत नाही. पुढे केव्हातरी ते मूल वर्गाबाहेर पडते आणि आपण म्हणतो, त्याला झेपले नाही. कामगाराच्या, शेतमजुराच्या, उशिरा शिकू लागलेल्या प्रौढाच्या वाट्यालाही अनेकदा हेच येते. त्यांच्यासाठी जग थांबत नाही, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. जग कधी कधी थांबतेही. पण ते पोहोचताच चालू लागते, हे दुःख त्याहून मोठे आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

त्या दिवशी पुढच्या प्रत्येक थांब्यावर मुलांनी आपण होऊन माझ्यासाठी दगडावर जागा मोकळी ठेवली. संध्याकाळच्या आत आम्ही बाराही जण पचमढीत होतो. सर्वांत आधी कोण पोहोचले, हे आज माझ्या स्मरणात नाही, आणि इतरांच्याही नसावे. डोंगरातल्या अशा सहलींना तरुणांनी अवश्य जावे. जाताना आपल्याहून संथ चालणारा एखादा सोबती बरोबर घ्यावा, आणि तो माथ्यावर पोहोचला की लगेच उठू नये. त्याच्या हाती पाण्याची बाटली द्यावी आणि त्याच्यासोबत आणखी दहा मिनिटे बसावे.